पोऱ्याचा कारागीर कधी होणार?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणपासून इंदापुरापर्यंत धाबे, खाणावळी आणि उपाहारगृहे यांची जी रांग उभी राहिली आहे, ती कोणत्याही नियोजन मंडळाने आखलेली नाही. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची गावे आणि काळी जमीन पोटात घेतली. त्याच पाण्यात पुढे मासा वाढला, भिगवणला मासळीचा बाजार भरू लागला आणि चिलापीच्या जेवणासाठी पुण्याच्या मोटारी रस्त्याकडेला थांबू लागल्या. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, तसे कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले आणि त्यांच्या घरची चूलही पाहुण्यांसाठी पेटू लागली. तिकडे बारामतीत औद्योगिक वसाहत, महाविद्यालये आणि रुग्णालये वाढली, तशी बाहेर जेवणाऱ्यांची संख्याही वाढली. त्याच तालुक्यातील पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने २००५ च्या सुमारास कृषिपर्यटनाचा प्रयोग झाला. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषिपर्यटनाचे धोरणच जाहीर केले. ऊस आणि फळबागा यांच्या जोडीला पाहुणचार हे या दोन तालुक्यांचे तिसरे पीक ठरू पाहत आहे.

मात्र या पिकाची मशागत ज्या हातांनी होते, त्या हातांचा विचार कोणी करीत नाही. ऊस कोणता लावावा, ठिबकाला पाणी किती सोडावे, डाळिंबावर कोणती फवारणी करावी, हे सांगायला कृषी विज्ञान केंद्र आहे, कारखान्याचा शेतकी विभाग आहे. उपाहारगृहात टेबल पुसणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगणारे कोणीच नाही. तो शिकतो तो खेकसणी ऐकून. वस्तादाची मर्जी असेल तर फोडणीचे रहस्य कळते, नसेल तर दहा वर्षे कांदा चिरण्यातच जातात. त्याला नावही धड नाही. वयाने चाळिशी गाठली तरी तो ‘पोऱ्या’च राहतो. कोणी जवळपासच्या गावचा, कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून, तर कोणी थेट नेपाळातून आलेला हा माणूस हंगाम संपला की निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याने शिकलेले थोडेबहुतही जाते. मालकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा प्रश्न केवळ नम्रपणे ‘या, बसा’ म्हणण्यापुरता असता, तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. शिजवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ठेवायचे अन्न ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. या दोहोंमधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कच्ची मासळी ज्या फळीवर कापली त्याच फळीवर कोशिंबिरीची काकडी चिरली, तर ताज्या मासळीची सगळी कीर्ती एका रात्रीत धुळीस मिळू शकते. वारंवार तापविलेल्या तळणीच्या तेलात घातक संयुगे तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी २०११ पासूनची. परवानाधारक व्यवसायात दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे आणि त्यासाठी २०१७ पासून प्रशिक्षणाची योजनाही चालू आहे. परंतु नियम राजपत्रात राहतो आणि फळी मोरीपाशी. या दोहोंमधले अंतर ज्याने ओलांडायचे, त्या माणसापर्यंत तो नियम त्याला समजेल अशा बोलीत पोचतच नाही. तपासणी होते ती कागदांची, दंड होतो तो मालकाला, आणि अज्ञान राहते ते भट्टीपाशी! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

पाहुणचाराचे शास्त्र शिकविण्याची गोष्ट जगाला नवी नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हॉटेल व्यवसायाची शाळा १८९३ मध्ये निघाली. मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये आपल्या देशातील या विषयाची पहिली संस्था सुरू झाली. तथापि या संस्थांतून बाहेर पडणारा पदवीधर तारांकित हॉटेलांत, विमान कंपन्यांत किंवा परदेशी जहाजांवर जातो. भिगवणच्या धाब्यावर येत नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही नाही. धाब्यावरील माणसाला शिकविणारी परंपरा निराळीच होती. मुंबईच्या उडुपी उपाहारगृहांतील मुले दिवसा टेबले पुसत आणि रात्री कन्नड रात्रशाळांत जात. माटुंग्याला १९४२ मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे रामा नायक हे लहान वयात स्वयंपाकघरात पडेल ते काम करूनच या धंद्यात शिरले होते. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा त्या बायकांना स्वयंपाक शिकविण्याची गरज नव्हती. त्यांना पत हवी होती, आणि आपण जे करतो ते काम आहे ही मान्यता हवी होती. या उदाहरणांचा धडा एकच. जिथे काम आहे तिथेच शिक्षण पोचले, आणि त्या शिक्षणातून माणसाची पायरी चढली, तरच त्याचा उपयोग झाला.

आज त्या रात्रशाळेची जागा मोबाईल घेऊ शकेल काय? मोठ्या शहरांतील हॉटेलांच्या साखळ्या आपल्या नोकरवर्गाला मोबाईलवरील ॲपमधून धडे देऊ लागल्या आहेत. बारामती-इंदापूरच्या धंद्यालाही असे ॲप करून घेता येईल, आणि वरवर पाहता ही कल्पना चोख आहे. वर्ग भरविण्यासाठी इमारत नको, चार माणसांच्या धाब्यातून एकाला आठवडाभर पुण्याला धाडायला नको. दुपारी साडेतीननंतर गिऱ्हाईक ओसरते ते दिवेलागणीपर्यंत; त्या मधल्या वेळात पाच मिनिटांचा एक धडा सहज होईल. फोन तर भांडी घासणाऱ्याच्याही खिशात असतो. जे ज्ञान आजवर वस्तादाच्या मर्जीवर अवलंबून होते, ते सर्वांना सारखे मिळू लागले, तर ती एक लहानशी क्रांतीच म्हणावी लागेल.

पण या क्रांतीच्या स्वागतासाठी तोरणे बांधण्याआधी शिक्षकांनी आणि कारकुनांनी आपलाच अनुभव आठवून पाहावा. शिक्षकांसाठी २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आली, शासकीय नोकरवर्गासाठी २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ आले आणि त्याच वर्षी महामारीने सारी शाळाच फोनमध्ये नेऊन बसविली. हेतू सर्वांचेच चांगले होते. परंतु चित्रफीत एका बाजूला चालू आहे, माणूस दुसऱ्या बाजूला आपले काम उरकत आहे आणि शेवटी बोटाच्या एका दाबाने प्रमाणपत्र छापून निघत आहे, हे दृश्य अनेक घरांना आणि कचेऱ्यांना अपरिचित नाही. पाहिले म्हणजे शिकले असे नव्हे, आणि प्रमाणपत्र म्हणजे विद्या नव्हे. शिकलेसवरलेल्यांची ही गत, तर चौदा तास उभा राहून दमलेल्या, अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसाची काय होईल?

म्हणून ॲप असावे की नसावे, हा वादच फोल आहे. ते कोणाच्या सोयीने बेतले जाणार, हा खरा प्रश्न आहे. पहिली गोष्ट भाषेची. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि घराघरांत पोचले, याचे एक कारण असे की, त्यांनी मापे दिली ती वाटी-चमच्याची, गृहिणीच्या हाताशी असलेली. तराजू आणा आणि मग स्वयंपाक शिका, असे त्यांनी सांगितले नाही. हॉटेल-कामगारांसाठी रचलेल्या धड्यानेही हेच पथ्य पाळावे. तो वाचायचा असण्यापेक्षा ऐकायचा आणि पाहायचा असावा. मराठीत असावा तसाच हिंदीत आणि नेपाळीतही असावा. स्वस्त फोनवर, जाळे नसतानाही चालावा. त्यातील स्वयंपाकघर परदेशी चकचकीत पोलादाचे नसावे. फरशी ओली असलेले, सिलिंडर कोपऱ्यात असलेले, पाण्याचा पिंप दाराशी असलेले असे ते ओळखीचे असावे. चिलापी बर्फात कशी ठेवावी, गॅसचा वास आला तर आधी काय बंद करावे, उकळते तेल अंगावर उडाले तर भाजल्या जागी काय करावे आणि काय मुळीच करू नये, मुलाला शेंगदाणे सोसत नाहीत असे आई सांगते तेव्हा ते भट्टीपर्यंत कसे पोचवावे, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी तोल न सोडता कसे बोलावे, हे त्याचे विषय असावेत.

दुसरी गोष्ट वस्तादाची. चाकू धरणे, हाताला मीठ कळणे, भाकरी फुगली हे नजरेने ओळखणे या विद्या पडद्यावरून येत नाहीत. त्या शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याकडूनच येतात. फोनने कारण सांगावे आणि वस्तादाने हात धरून करून घ्यावे. यासाठी वस्तादाला शिकविण्याचा मोबदला आणि मान दोन्ही मिळाले पाहिजेत. तसे झाले नाही, तर तो या यंत्राकडे आपल्या पोटावर पाय देणारा प्रतिस्पर्धी म्हणूनच पाहील, आणि मग धडा कितीही चांगला असला तरी भट्टीपाशी त्याची टवाळीच होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि मालकांना सर्वांत अवघड वाटणारी आहे. शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरला गेला पाहिजे. दिवसभर राबवून घ्यायचे आणि झोपेच्या तासात धडे पुरे करायला सांगायचे, हे शिक्षण नसून दुसरी पाळी आहे. त्याचप्रमाणे, कोणी किती धडे केले, कोठे चुकला, कितीदा थांबला, याची नोंद ठेवणारे यंत्र हळूहळू शिक्षकाचे मुकादम बनते. चुकलेल्या उत्तरावरून पगार कापला जाऊ लागला, तर कोणीही प्रामाणिकपणे चुकणार नाही. आणि चुकण्याची मुभा नसलेल्या जागी शिकणे होत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्याची आठवण केवळ बँकांपुरती ठेवून भागणार नाही.

चौथी गोष्ट दाखल्याची. धडे पुरे केल्याची आणि हाताने करून दाखविलेल्या परीक्षेची नोंद कामगाराच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या फोनवर राहावी. त्याने एक हॉटेल सोडून दुसरे धरले तरी ती त्याच्याबरोबर जावी. यावर मालकवर्गाचा आक्षेप ठरलेला आहे. ‘आम्ही शिकवायचे आणि त्याने पुण्याला पळायचे?’ या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. लहान धाब्याचा मालक स्वतःच बेताच्या कमाईवर, कर्जाचे हप्ते आणि ओस हंगाम सांभाळत असतो. पण न शिकविल्याने माणूस टिकतो, असा अनुभव तरी कोठे आहे? अडाणी ठेवलेला माणूस पळतोच, आणि जाईपर्यंत अडाणीपणे काम करतो. शिकण्याचा भार एकट्या मालकावर पडू नये, हे मात्र न्याय्य आहे. महामार्गावरचे दहा-वीस व्यावसायिक एकत्र आले, तर खर्च वाटला जाईल आणि एकाचा शिकलेला माणूस दुसऱ्याकडे गेला, तरी विद्या याच पंचक्रोशीत राहील. सहकाराचे धडे ज्या भागाने ऊस गाळताना गिरविले, त्याला हे अवघड जाऊ नये.

साधनांची तर येथे वाणच नाही. बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. संगणक आणि अभियांत्रिकी शिकणारी शेकडो मुले तेथे दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. अन्नातून होणाऱ्या रोगांविषयी अधिकाराने सांगणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा हजारोंच्या पंगती उठविणारी गावे आहेत. शिस्तीने आणि प्रेमाने कसे वाढावे, याचे शिक्षण त्यांनी कोणाकडून घ्यावे? संगणकाचा विद्यार्थी, डॉक्टर, वस्ताद आणि गावातील आचारी यांना एका टेबलाशी बसविण्याचे काम तेवढे उरले आहे. विद्यार्थ्यांनी हे काम मनावर घेतले, तर त्यांच्या प्रकल्पवह्यांना कपाटाबाहेरचे आयुष्य लाभेल.

अखेर मुद्दा येतो तो आपल्या मनोवृत्तीपाशी. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने अतिथीचे ताट उचलणाऱ्याला मात्र माणूस मानायला फार वेळ लावला. हॉटेलांत आणि धाब्यांवर बालकांना कामाला ठेवण्यास बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. त्याआधीची कित्येक दशके चहाचा पेला आणून देणाऱ्या लहानग्या हातांकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. आज ते काम करणारा प्रौढ आहे. पण त्याला मारली जाणारी हाक तीच आहे. कोणतेही ॲप ही हाक बदलू शकणार नाही. ती बदलायची तर त्याच्या हातात विद्या, खिशात दाखला आणि त्या दाखल्याला जोडून वाढीव वेतन असावे लागेल. आणि टेबलापलीकडे बसलेल्यानेही आपली जीभ थोडी शिकवावी लागेल. उजनीच्या पाण्याने ज्यांची शेते घेतली, त्यांच्या नातवंडांनी त्याच पाण्याच्या काठी जन्मभर उष्टी ताटेच उचलावीत काय? तसे व्हायचे नसेल, तर पाहुणचाराच्या या तिसऱ्या पिकात त्यांचा वाटा मजुराचा न राहता कारागिराचा व्हायला हवा.