नव्याचे सात दिवस

नवा लॅपटॉप घरी आला की पहिले दोन दिवस आपण त्याला तान्ह्या बाळासारखं वागवतो. हात धुऊन कीबोर्डला हात लावायचा, स्क्रीनवरचं प्लास्टिक काढायचं नाही, चहाचा कप चार फूट लांब. माझंही तेच झालं. फक्त तिसऱ्या दिवशी मी त्याच बाळाला गॅलरीतून खाली टाकायच्या बेतात होते!

तर मंडळी, झालं असं... फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला पीएफ नसतो, बोनस नसतो आणि ऑफिसचा लॅपटॉप तर नसतोच नसतो. आठ वर्षं इमानेइतबारे राबलेला माझा जुना गडी शेवटी बाबांच्या हवाली करून मी नवा घ्यायचं ठरवलं. किंमत 65 हजार. निम्मे माझे, निम्मे बाबांनी न मागता काढून दिलेले. विंडोज नसलेलं, दुकानदारांच्या भाषेत 'डॉसवालं' मॉडेल घेतलं. एक तर ते स्वस्त पडतं आणि दुसरं म्हणजे मला तसंही लिनक्सच टाकायचं होतं. जुन्या लॅपटॉपवर गेली दोन-अडीच वर्षं लिनक्स लोण्यासारखं चाललं होतं. त्याचाच पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडला होता. लावला, चार वेळा 'नेक्स्ट' म्हटलं, अर्ध्या तासात काम फत्ते.

आणि मग सुरू झाला छळ.

विंडो ओढली की ती मागून धापा टाकत येणार. पान स्क्रोल केलं की अक्षरं तुटक तुटक वर सरकणार. व्हिडिओ लावला तर तो दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर अडकलेल्या रिक्षासारखा. पंखा मात्र चटणी वाटणाऱ्या मिक्सरच्या आवाजात सुसाट! कोरा करकरीत कोअर अल्ट्रा प्रोसेसर, 16 जीबी रॅम, आणि चाल ही अशी? बाबा चहा ठेवायला आले, दोन मिनिटं मागे उभे राहिले, आणि "जुना बरा चालायचा, नाही का गं?" एवढंच म्हणून गेले. रागावले असते तर परवडलं असतं.

परत करायची मुदत सात दिवस. त्यातले तीन संपलेले. शुक्रवारी एका व्हिडिओ स्टोरीचं एडिटिंग द्यायचं होतं आणि त्या पैशातून याच लॅपटॉपच्या माझ्या वाट्याचं क्रेडिट कार्डाचं बिल जाणार होतं. म्हणजे बघा, टेन्शन साधंसुधं नव्हतं.

दुकानात फोन केला. "मॅडम, लिनक्स टाकलंय ना? मग असंच होणार. विंडोज टाकून घ्या." विषय संपला. मग मित्रमंडळींचे सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, अ‍ॅनिमेशन बंद कर. केलं. दुसरी म्हणाली, 'स्वॅपिनेस' नावाचा आकडा कमी कर. केला. तिसऱ्याने तर थेट 'मिटिगेशन्स ऑफ' कर म्हणून फर्मान सोडलं. हे मी केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या भगदाडांचा गवगवा झाला. त्यानंतर लावलेली ही कुलपं आहेत. थोड्याशा वेगासाठी दाराचं कुलूप काढून ठेवण्यातला हा प्रकार.

कुठे दुखतंय?

शेवटी रात्री अकराला मंदारदादाला फोन लावला. हा माझा मावसभाऊ, हिंजवडीत सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे.

"दादा, लॅपटॉप स्लो आहे रे."

"काय स्लो आहे?"

"अरे, सगळंच!"

"सगळं कधीच स्लो नसतं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणतेस का? कुठे दुखतंय ते सांग."

बॉस, हा फंडा मला त्या रात्री कळला. कॉम्प्युटर 'स्लो' असणं हा आजार नाही, ते फक्त लक्षण आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स आणि नेट यांपैकी नेमकं कोण रखडतंय हे बघितल्याशिवाय केलेला प्रत्येक इलाज म्हणजे अंधारात मारलेला दगड.

दादाने आधी सिस्टिम मॉनिटर उघडायला लावला. मेमरी? 16 पैकी जेमतेम अडीच जीबी वापरात. पास. डिस्क? चार जीबीची एक फाइल कॉपी केली, काही सेकंदांत झाली. पास. "आता एखादी विंडो धरून गोल गोल फिरव आणि प्रोसेसरकडे बघ." फिरवली, आणि आलेख टणकन वर! यादीत सगळ्यात वर 'नोम शेल'. म्हणजे माझं कुठलंही अ‍ॅप नाही, तर स्क्रीनवर विंडो दाखवणारा प्रोग्रॅमच प्रोसेसर खात होता.

"बरं, अजून काय काय चालत नाहीये?"

आता मात्र माझी ट्यूब हळूहळू पेटायला लागली. ब्राइटनेस कमी-जास्त होत नव्हता. आवाज येत नव्हता. वायफाय दिसत नव्हतं, म्हणून मी फोन यूएसबीला लावून नेट घेत होते. बाहेरचा मॉनिटर जोडला तर ढिम्म. हे सगळं मी चार वेगळ्या कटकटी म्हणून 'नंतर बघू' या खात्यात टाकलं होतं.

"सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघड. ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय?"

"काहीतरी विचित्र आहे... एलएलव्हीएमपाइप."

दादा इतका मोठ्याने हसला की पलीकडे वहिनी जागी झाली.

बारशाआधीच रेशनकार्ड?

एलएलव्हीएमपाइप म्हणजे काय, तर ग्राफिक्सच्या चिपशी बोलणारं कुणी सापडलं नाही की तिचं काम साध्या प्रोसेसरकडून करून घेणारा बदली कामगार. माझा स्क्रीन 1920 बाय 1200 चा. म्हणजे 23 लाख 4 हजार ठिपके. ते सेकंदाला 60 वेळा रंगवायचे तर झाले 13 कोटी 82 लाख! चित्रं काढण्यासाठीच जन्मलेली चिप शेजारी हातावर हात ठेवून बसलेली, आणि हिशेब करणारे अण्णा बिचारे ब्रश घेऊन भिंत रंगवतायत. पंखा बोंबलेल नाही तर काय होईल?

पण चिप हातावर हात ठेवून का बसली? इथेच खरी गंमत आहे. माझा पेनड्राइव्ह होता डेबियन 12 चा, 2023 च्या पावसाळ्यात बनवलेला. ही आवृत्ती 10 जून 2023 ला आली, पण तिच्या पोटातला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 6.1 क्रमांकाचा. तो डिसेंबर 2022 चा. माझा कोअर अल्ट्रा प्रोसेसर बाजारात आला 14 डिसेंबर 2023 ला. म्हणजे प्रोसेसर जन्मला तेव्हा माझं लिनक्स एक वर्षाचं झालं होतं. ज्याचं बारसंच झालं नाही, त्याचं नाव रेशनकार्डावर असणार कुठून?

आणि यात कुणाचा गुन्हा नाही. डेबियनचं ब्रीदच मुळी स्थैर्य. एकदा आवृत्ती आली की तिच्यात सुरक्षेची दुरुस्ती होत राहते, पण कर्नलची पिढी बदलत नाही. सर्व्हरवाल्यांना हे अमृत वाटतं. या पिढीच्या ग्राफिक्सला कर्नलने मुकाट्याने ओळखायला सुरुवात केली ती 6.7 पासून, म्हणजे जानेवारी 2024 मध्ये. विंडोजवाल्यांना हा त्रास जाणवत नाही, कारण कंपनी सगळे ड्रायव्हर आधीच भरून लॅपटॉप देते. 'डॉसवाल्या' मॉडेलमध्ये ते काम तुमचं.

"मग फक्त कर्नल नवा टाकू?" मी हुशारी दाखवली.

दादा म्हणाला, यात तीन माणसांची साखळी असते. पहिला कर्नल, जो चिपला ओळखतो. दुसरं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत भरायचा छोटा प्रोग्रॅम. तिसरी मेसा, जी अ‍ॅप्सची चित्रकला चिपच्या भाषेत सांगते. तिघंही त्या चिपपेक्षा नवे हवेत. एकच बदललास तर आगीतून फुफाट्यात. सुटी सुटी ठिगळं लावण्यापेक्षा पूर्ण नवीन आवृत्तीच टाक.

रात्री साडेबाराला डेबियन 13 डाउनलोड करायला लावलं. ही आवृत्ती 9 ऑगस्ट 2025 ला आली, कर्नल 6.12. आणि पेनड्राइव्ह कशावर बनवला सांगा? बाबांच्या, म्हणजे माझ्याच जुन्या लॅपटॉपवर! बाबा जागेच होते. न बोलता शेजारी येऊन बसले.

दीड वाजता नवा लॅपटॉप सुरू झाला. वायफाय आलं. आवाज आला. ब्राइटनेसची पट्टी सरकली. 'अबाउट'मध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचं नाव झळकलं. मी विंडो धरून गोल गोल फिरवली आणि... पंखा गप्प! त्या शांततेत मला रडायलाच आलं.

दुसऱ्या दिवशी एडिटिंग करताना पुन्हा थोडं जड वाटलं आणि पोटात गोळा. पण या वेळी मी दादाला फोन केला नाही. आधी बघितलं, कुठे दुखतंय. उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत पॉवर मोड 'पॉवर सेव्हर'वर होता. रात्री बॅटरी वाचावी म्हणून आनंदाच्या भरात मीच ठेवलेला! 'बॅलन्स्ड'वर आणला, प्रश्न मिटला. स्टोरी शुक्रवारी दुपारीच गेली.

स्लो वाटतंय? आधी हे बघा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची साथ संपल्यापासून आपल्यापैकी बरेच जण लिनक्सकडे वळतायत. त्यांच्यासाठी दादाच्या शाळेतली ही चिठ्ठी.

1. टर्मिनलमध्ये 'यूनेम', एक जागा सोडून डॅश, आर लिहा. कर्नलचा क्रमांक कळेल. तो तुमच्या प्रोसेसरपेक्षा जुना असेल तर आधी तेच सोडवा. उबुंटू 24.04 सुरुवातीला कर्नल 6.8 घेऊन आलं, पण ऑगस्ट 2025 च्या 24.04.3 मध्ये 6.14 आहे. म्हणजे नाव तेच, पोट नवं. जुना पेनड्राइव्ह वापरू नका.

2. 'अबाउट'मध्ये एलएलव्हीएमपाइप किंवा सॉफ्टवेअर रेंडरिंग दिसलं तर चोर सापडला. इन्स्टॉल करताना कुणी 'नोमोडसेट' हा शब्द घातला असेल तर काम झाल्यावर तो काढून टाका. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर तिचा ड्रायव्हर टाका, आणि टाकूनही चालू होत नसेल तर सिक्युअर बूट त्याला अडवतंय का ते बघा.

3. मेमरी भरलेली दिसली म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकामी रॅम फायली हाताशी ठेवायला वापरतं आणि लागली की सोडतं. 'फ्री' नाही, 'अव्हेलेबल'चा आकडा बघा.

4. रॅमची एकच पट्टी आहे का? लॅपटॉपचे ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतात. एका पट्टीऐवजी दोन असल्या की रस्ता दुपदरी होतो. डेस्कटॉप जुळवला असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करा. नाहीतर 6000 ची म्हणून घेतलेली डीडीआर5 रॅम 4800 वर रांगत बसते. हा दोष लिनक्सचा नाही.

5. इंटेलच्या प्रोसेसरवर 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर दिसला तर दचकू नका. नाव तसलं असलं तरी काम पडलं की तो वेग वाढवतो. खरं बघायचं ते पॉवर मोडकडे.

6. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आधी-नंतर मोजा. पाच बदल एकदम केले तर औषध कुठलं लागू पडलं ते कधीच कळत नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपचं खोकं माळ्यावर टाकलं. खाली उतरले तर बाबा जुन्या लॅपटॉपवर पेपर वाचत होते. तोच डेबियन 12, माझ्या ड्रॉवरमधल्या त्याच पेनड्राइव्हवरचा, आणि पान कसं झरझर सरकत होतं! कारण ती दोघं एकमेकांना केव्हाची ओळखतात.

"जुना बराच चालतो," मी म्हटलं.

"चालणारच," बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "नव्याची मात्र ओळख करून द्यावी लागते."