प्रस्तावात जात कुठल्या रकान्यात लिहायची?

मानसिक आरोग्याच्या कामासाठी अनुदान मागायचे तर प्रस्ताव लिहावा लागतो, आणि त्याचा साचा जवळपास ठरलेला असतो. समस्या काय, ती कशामुळे, लक्ष्यगट कोणता, उपक्रम कोणते, यश कसे मोजणार, पैसा किती. सफाई कामगारांच्या वस्तीत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी मी गेली काही वर्षे असे प्रस्ताव लिहितो आहे. या साच्यात जातीला जागा मिळते ती फक्त 'लक्ष्यगट' या रकान्यात. अनुसूचित जाती अमुक टक्के, भटके-विमुक्त अमुक टक्के, महिला अमुक. 'कशामुळे' या रकान्यात मात्र गरिबी येते, व्यसन येते, आणि 'जागृतीचा अभाव' तर हमखास येतो. जात येत नाही. म्हणजे रुग्ण दलित असलेला चालतो, पण दुखण्याचे कारण जात असलेली चालत नाही.

हा शब्दांचा कीस वाटेल. पण प्रस्तावात वरचा रकाना खालच्या रकान्याला हुकूम देतो. कारण 'व्यसन' लिहिले की उपक्रम होतो व्यसनमुक्तीचे व्याख्यान. कारण 'जागृतीचा अभाव' लिहिले की पथनाट्य आणि पोस्टर. कारण 'तणाव हाताळण्याच्या कौशल्यांचा अभाव' लिहिले की श्वासाचे व्यायाम आणि दोन दिवसांची कार्यशाळा, जेवणासह. यात वाईट काही नाही. पण कारण म्हणून जात लिहिली तर मुकादमाशी बोलायला माणूस पाठवावा लागतो, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे लागते, पोलीस ठाण्यात तक्रारदारासोबत चार तास बसावे लागते. मग अंदाजपत्रकही वेगळे होते. खरी अडचण तिथे आहे.

एका देणगीदार संस्थेने आमचा मसुदा शेरे मारून परत पाठवला होता. 'जातीय अपमान' या शब्दांवर लाल खूण आणि शेजारी सुचवणी, 'सामाजिक प्रतिकूलता'. भाषा थोडी सौम्य करता येईल का, अशी विचारणाही होती. त्याच ओघात ठाण्यात सोबत जाण्याचा आणि वकिलाच्या फीचा खर्च 'मानसिक आरोग्याशी थेट संबंध नाही' म्हणून वगळायला सांगितला होता. सामाजिक प्रतिकूलतेविरुद्ध ठाण्यात तक्रार करता येत नाही, तेव्हा त्यांचे तर्कशास्त्र बरोबरच होते! आम्ही शब्द बदलला नाही आणि ते अनुदान आले नाही.

व्यसनाचेच घ्या. आमच्या वस्तीवर लिहिलेल्या कुठल्याही अहवालात दारू असतेच. चेंबरमध्ये उतरणारा माणूस आधी का पितो, हे त्यालाच विचारावे. त्या वासात शुद्धीवर राहून हात घालता येत नाही, हे तो एका वाक्यात सांगतो. दारू त्याच्या कामाच्या दोरीइतकीच त्या कामाचा भाग आहे. गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे मरतात, म्हणून तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये करावी लागली. आता अशा मृत माणसाच्या बायकोला समुपदेशक काय सांगणार? दुःख स्वीकारा? तिची झोप उडालेली असते ती नवऱ्याच्या आठवणीने तशी भरपाईच्या फायलीनेही. कंत्राटदार म्हणतो तो आमचा माणूसच नव्हता. तिच्यासोबत कार्यालयात जाणे हाही उपचाराचा भाग आहे असे आम्ही लिहितो, आणि समोरचा विचारतो, याला थेरपी कसे म्हणायचे?

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना सहज दिसत नाही. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कायम नोकरी, पगार, घर टिकते. या हक्कासाठी लोक लढले आहेत आणि तो सोडून द्या असे कुणी म्हणू नये. पण बी. कॉम. झालेला मुलगा वडील गेल्यावर त्यांच्याच जागी झाडू घेऊन हजेरीला उभा राहतो, त्या सकाळी त्याच्या मनात काय होते, याला कुठल्या रोगाचे नाव द्यायचे? तो आमच्याकडे येतो तेव्हा म्हणतो, डोकं जड राहतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. प्रश्नावलीत हे नैराश्य म्हणून बसते. नैराश्य आहेच. पण ते त्याच्या डोक्यात सुरू झालेले नाही.

प्रश्नावलीचा विषय निघाला म्हणून. यश मोजायला बहुतेक ठिकाणी 'पीएचक्यू-९' मागतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, शून्य ते २७ गुण, दहाच्या वर गेले की लक्ष द्यायचे. साधन उपयोगी आहे, आम्हीही वापरतो, त्यामुळे गंभीर माणूस नजरेतून सुटत नाही. पण त्या नऊ प्रश्नांत झोप आहे, भूक आहे, स्वतःबद्दल वाईट वाटणे आहे, तुम्हाला तसे वाटायला कुणी लावले हे कुठेच नाही. कंत्राटदाराने पगार थकवलेल्या महिन्यात अख्ख्या गल्लीचे गुण वाढतात आणि पगार झाला की उतरतात. अहवालात ते श्रेय आमच्या समुपदेशनाला जाते. म्हणून आम्ही गुणांच्या शेजारी दुसरे आकडे ठेवायचा आग्रह धरतो. किती तक्रारी नोंदवल्या गेल्या, थकलेला पगार किती जणांना मिळाला, शाळा सोडलेली किती मुले परत बसली.

जात लिहिणे म्हणजे राजकारण, असे सांगणाऱ्यांसमोर कायदा ठेवावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये भेदभावाशिवाय उपचार मिळण्याचा हक्क आहे आणि ज्या आधारांवर भेदभाव करता येणार नाही त्यांत जात हा शब्द स्पष्ट आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १५-अ पीडितांना आणि साक्षीदारांना प्रवासखर्च, निर्वाहखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन यांचा हक्क देते, आणि स्वयंसेवी संस्थेची वा सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेणे हाही पीडिताचा हक्क आहे असे म्हणते. खटला वर्षानुवर्षे चालतो तेव्हा तक्रारदार आतून मोडतो आणि समझोत्याला तयार होतो. त्या काळात त्याच्या मनाला आधार देणे हे या कलमाच्या आधाराने प्रस्तावात मागता येते. कंपन्यांच्या सीएसआर निधीचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आरोग्य एका नोंदीत आहे आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करणे दुसऱ्या नोंदीत. कंपनीचा माणूस एकच नोंद निवडतो, बहुधा आरोग्याची. आपण दोन्ही लिहाव्यात.

आता पैसा. वस्तीतल्या साध्या, प्रशिक्षित माणसाकडून समुपदेशन होऊ शकते आणि त्याने फरक पडतो, हे गोव्यात 'संगथ'ने आणि ग्रामीण महाराष्ट्र-गुजरातमध्ये 'आत्मीयता'सारख्या कार्यक्रमाने दाखवून दिले आहे. आपल्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. मनोविकारतज्ज्ञ वस्तीत येत नाही आणि आला तरी आडनाव विचारून बसतो, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. पण देणगीदार या पुराव्यातून वेगळाच अर्थ काढतात: वस्तीतली बाई स्वस्तात पडते. मग अंदाजपत्रकात तज्ज्ञाला दिवसाचे शुल्क आणि तिला महिन्याचे मानधन. तज्ज्ञाच्या नावापुढे 'वेतन', हिच्या नावापुढे 'प्रोत्साहन भत्ता', आशाताईंसारखेच. वस्तीचे सगळे रडणे ऐकायचे काम हिचे, आणि हिचे ऐकायला कुणी नाही, कारण त्याची तरतूद 'प्रशासकीय खर्च' ठरते. घाण उचलणाऱ्यांची मुलगी आता मनाची घाण उचलते, तीही कंत्राटावर. हे जातीचे श्रमविभाजन नाही तर काय आहे?

त्यात २०२० ची एफसीआरए दुरुस्ती. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून छोट्या वस्तीसंस्थेकडे येणारी वाट त्यामुळे बंद झाली. मोठी संस्था आता आपलेच कर्मचारी वस्तीत पाठवते आणि आपल्याला 'स्थानिक भागीदार' म्हणून फोटोत उभे करते. वस्तीची ओळख आपली, विश्वास आपला, बँकखाते त्यांचे.

आपलेच काही सहकारी म्हणतात, शब्दासाठी कशाला अडायचे, 'वंचित घटक' लिहा, पैसा आणा आणि काम आपल्याला हवे तसे करा. लहान संस्था असे करतात म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. दोन पगार द्यायचे असतात, घरमालक थांबत नाही. पण वर्षअखेरीस अहवाल लिहावा लागतो आणि अहवाल प्रस्तावाच्याच भाषेत मागतात. जे लिहिले नाही ते मोजले जात नाही, त्याला पुढच्या वर्षी पैसे मिळत नाहीत, आणि देणगीदाराच्या पुढच्या जाहिरातीत आपलाच 'वंचित घटक' छापून येतो. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, पायल तडवी २०१९ मध्ये, दर्शन सोळंकी २०२३ मध्ये. अशा प्रत्येक मृत्यूनंतर संस्थांना सर्वात सोपे जाते ते समुपदेशक नेमणे. तो समुपदेशक जातीबद्दल काय जाणतो, त्याच्यासमोर आपले पोर मोकळेपणाने बोलेल का, हे त्याच्या नेमणुकीच्या अटींत असत नाही. 'ब्लू डॉन'सारख्या बहुजन गटाला जात समजणारे थेरपिस्ट शोधून द्यायचे काम हाती घ्यावे लागले ते उगाच नाही.

आणि मानसिक आरोग्य हे सवर्णांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्या आपल्या माणसांनाही एक आठवण. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेच्या घुसमटीला त्यांनी तिचा मनोदोष मानले नाही. कारण बाहेर आहे हे ओळखले, दार उघडले, बाळंतपण केले, मूल सांभाळले. आजच्या साच्यात त्याला 'एकात्मिक सेवा' म्हणतील.

यंदाच्या आमच्या प्रस्तावात 'कशामुळे' या रकान्यात पहिला शब्द जात आहे. समुपदेशन करणाऱ्या दोघीजणींना मानधन नाही, वेतन मागितले आहे, भविष्य निर्वाह निधीसह. दर पंधरा दिवसांनी त्यांचे स्वतःचे बोलणे ऐकायला एक अनुभवी, शक्यतो बहुजन समाजातली थेरपिस्ट. आणि एक ओळ ठाणे, कामगार कार्यालय आणि न्यायालयाच्या प्रवासासाठी, तिच्यापुढे कंसात 'उपचार' असे लिहून. निर्णय अजून यायचा आहे.