हिरव्या पाटीचा टोल

नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिलिव्हरीचा फोटो आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, हिरवी नंबरप्लेट नीट दिसेल असं उभं राहिलेलं कुटुंब. आणि खाली एक ओळ: पुढच्या पिढीसाठी आमचं छोटंसं पाऊल.

फोटोतल्या माणसाला जरा बाजूला घेऊन विचारा, गाडी का घेतलीत? खरी कारणं तो भराभर सांगेल. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, ऑफिसला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात, सोसायटीनं चार्जर बसवायला परवानगी दिली, पिकअप जबरदस्त आहे, क्लच नसल्यामुळे ट्रॅफिकमध्ये पाय भरून येत नाही. ही सगळी उत्तम कारणं आहेत. आपल्या कष्टाच्या पैशानं आपल्या सोयीची वस्तू घेणाऱ्यानं कुणाला जाब देण्याची गरज नाही. माझं भांडण गाडीशी नाही, फोटोखालच्या ओळीशी आहे.

कारण ती ओळ नुसती हौस नाही. ‘मी स्वतःसाठी घेतली’ म्हणणारा माणूस समाजाकडे काही मागत नाही. ‘मी पर्यावरणासाठी घेतली’ म्हणणारा मागू शकतो. पर्यावरण सगळ्यांचं, त्यामुळे त्याच्या नावानं केलेला खर्च सगळ्यांनी थोडा उचलावा, असं त्यात आपोआप येतं. मग हिशोबही सगळ्यांसमोर व्हायला हवा. करून बघू.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी म्हणजे किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम. आपल्या देशात एक युनिट वीज बनवताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण ७० टक्क्यांहून जास्त वीज अजूनही कोळशाची आहे. इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये ७ किलोमीटर गेली, तर किलोमीटरला १०० ग्रॅम. बॅटरी बनवतानाचा धूर आणि पेट्रोल पंपापर्यंत आणतानाचा धूर, दोन्ही मी यात धरलेले नाहीत. म्हणजे ढोबळमानानं एक तृतीयांश बचत. ती खरी आहे, आणि मी ती नाकारत नाही.

आता खिशाचा हिशोब. पेट्रोलवर किलोमीटरला सात रुपये पडतात. घरची वीज १२ रुपये युनिट धरली, तरी इलेक्ट्रिकला पावणेदोन रुपयांच्या आत. सात रुपयांचं काम पावणेदोन रुपयांत होऊ लागलं की माणूस काय करतो? जास्त फिरतो. पूर्वी लोणावळ्याला लोकलनं जायचा, आता गाडीनं जातो. कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी निघते. महिन्याला १००० किलोमीटर पेट्रोलवर फिरणारा इलेक्ट्रिकवर १५०० फिरला, तर दोन्हीकडे १५० किलोच होतात आणि बचत संपली. ‘आपली गाडी हिरवी आहे’ ही भावना जोडीला असेल, तर जास्त फिरताना मनाला टोचणीही लागत नाही. उलट पुण्य केल्यासारखं वाटतं. पैसे वाचवायला गाडी घेतलेला माणूस निदान मीटरकडे बघतो.

शहरातला धूर तरी कमी होतो ना? होतो. सिग्नलवर दिवसभर उभ्या असलेल्या हवालदाराच्या आणि गजरे विकणाऱ्या बाईच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. पण धूर कमी होतो इथे, आणि राख पडते दुसरीकडे. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं आहे. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या शेतांत, नाल्यांत शिरलं. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे तुमच्या गाडीतली वीज कुठून आली हे कुणी सांगू शकणार नाही. पण राज्याचा कोळसा कुठे जळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘पुढच्या पिढीसाठी’ लिहिताना त्या भागातली पुढची पिढी आपल्या डोळ्यांसमोर येते का?

यावर ठरलेलं उत्तर असतं की सौरऊर्जा वाढतेय, ग्रिड हळूहळू स्वच्छ होईल. होईलच. पण सूर्य असतो दुपारी, आणि आपण गाडी चार्जिंगला लावतो रात्री जेवणं उरकल्यावर. ज्याला खरंच पर्यावरणाची काळजी आहे, त्यानं ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारी चार्जिंगची सोय व्हावी म्हणून भांडायला हवं. ते भांडण मला फारसं ऐकू येत नाही. ऐकू येतं ते गाडीच्या रेंजबद्दल आणि सनरूफबद्दल.

आता सगळ्यांनी उचललेल्या खर्चाकडे या. इलेक्ट्रिक वाहनांवर २०१९ पासून जीएसटी फक्त ५ टक्के आहे. नव्या तंत्रज्ञानाला सुरुवातीला हात द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण आपल्याच राज्याचं २०२५ हे एक वर्ष क्रमानं बघा. जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मार्चच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांचं १० रुपये झालं. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. तिथे पेट्रोलच्या कारला एका बाजूचे २५० रुपये पडतात. म्हणजे कारवाल्याला एका फेरीत जेवढी माफी मिळाली, तेवढ्यात बेस्टची किमान भाड्याची पंचवीस तिकिटं येतात. ती तिकिटं काढणाऱ्यांनी पर्यावरणाचं नेमकं काय बिघडवलं होतं?

धोरणात इलेक्ट्रिक बसलाही टोलमाफी आहे, हे खरं. पण बस आणि कार एका पारड्यात बसवणं हीच तर गोम आहे. इलेक्ट्रिक बस किलोमीटरला सव्वा युनिट खाते असं धरू. आत चाळीस माणसं असतील, तर कोळशाच्या त्याच विजेवर माणशी वीस-बावीस ग्रॅम होतात. एकट्यानं चालवलेल्या इलेक्ट्रिक कारचे १०० ग्रॅम. पर्यावरणासाठी बक्षीस द्यायचंच असेल, तर पहिला हक्क खांबाला धरून उभ्या असलेल्या माणसाचा आहे. मीही रोज बसनं जाते, त्यामुळे मला तटस्थ समजू नका. पण हे आकडे मी बसमध्ये चढले म्हणून बदलत नाहीत.

काही जण म्हणतात, हेतू कशाला तपासता? कुठल्याही कारणानं घेतली तरी धूर कमीच होणार. मला हे पटत नाही, कारण पुढे काय करायचं ते हेतूच ठरवतो. खिशासाठी घेतलेल्या गाडीचा विषय ईएमआय फिटला की संपतो. पर्यावरणासाठी घेतलेल्या गाडीचा विषय खरेदीपाशी सुरू व्हायला हवा. महिन्याचे किलोमीटर कमी झाले का? एका गाडीत चौघं जाऊ लागलो का? जुनी डिझेल गाडी विकली, की ‘कोकणात जायला लागते’ म्हणून तीही पार्किंगमध्ये आहे? तशी ती असेल, तर घरात एक गाडी वाढली, एवढंच झालं. रस्त्यावर जागा तितकीच अडली आणि मागची बस तितकीच रखडली.

आपल्या वयाचे कितीतरी जण पहिली गाडी आता घेतील, आणि त्यातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक असतील. जरूर घ्या. परवडते म्हणून घ्या, चालवायला मजा येते म्हणून घ्या, आईवडिलांना बसवून फिरवायचं म्हणून घ्या. फोटोखाली तेच लिहा, वाचायलाही बरं वाटेल. आणि पर्यावरणाचं नाव घ्यायचं असेल, तर त्याची किंमतही स्वतःच्या खिशातून द्या. वीस-तीस लाखांची गाडी घेऊ शकणाऱ्याला अटल सेतूचे २५० रुपये जड नसतात. ते वसूल करा आणि बसच्या ताफ्यावर खर्च करा, अशी मागणी टोलमाफी मिळालेल्यांकडूनच आली, तर त्यांचं पर्यावरणप्रेम मी पहिल्यांदा गंभीरपणे घेईन.