पुडके स्वतः बांधावे. पण किती दिवस?

घरातल्या एका खोलीत माल ठेवून, मोबाइलवर त्याची छायाचित्रे दाखवून आणि आलेल्या ऑर्डरी कुरिअरच्या स्वाधीन करून जो व्यापार अलीकडे गावोगावी सुरू झाला आहे, त्यातल्या नवागतांना हितचिंतकांकडून एक सल्ला हमखास मिळतो. मालाचा दर्जा आणि जाहिरात एवढ्यांकडेच तुम्ही लक्ष द्यावे. खोके भरणे, टेप लावणे, पत्ते डकवणे ही हमाली एखाद्या गोदामवाल्या कंपनीच्या हवाली करावी, म्हणजे तुमचा वेळ धंदा वाढवण्यास मोकळा राहील, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ असतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू निर्मळच असेल. परंतु ज्याने आपल्या मालाची पहिली काहीशे पुडकी स्वतःच्या हातांनी बांधलेली नाहीत, त्याला आपल्या मालाची खरी किंमत कळलेली नसते असे माझे मत आहे. आणि जो हेच काम काटकसरीच्या नावाखाली वर्षानुवर्षे स्वतःकडे ठेवतो, तोही निराळ्या रीतीने आपली फसवणूक करून घेत असतो.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने कोकमाचे आगळ काचेच्या बाटल्यांत भरून ते पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकांना थेट विकण्याचे योजिले. कोकम, मीठ, बाटली, बूच, लेबल आणि मजुरी यांची बेरीज करून त्यावर नफा चढवला की विक्रीची किंमत निघाली, असे त्यांना प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. दोन बाटल्यांचे बंद पार्सल तराजूवर १.८ किलो भरते, म्हणून कुरिअरचा खर्चही तेवढ्याच वजनाचा धरला जातो. पण कुरिअरवाले केवळ तराजू पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून, त्यांच्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागून जो आकडा येतो तो आणि प्रत्यक्ष वजन, या दोहोंपैकी जे अधिक भरेल त्यावर ते आकारणी करतात. घरात पडलेला ३० × २५ × २० सेंटीमीटरचा खोका वापरला, तर या हिशेबाने वजन तीन किलो होते, म्हणजे १.२ किलो निव्वळ हवेचे भाडे पदरचे भरावे लागते. तोच माल २८ × २० × १५ च्या खोक्यात नीट बसवला, तर आकारमानाचे वजन १.६८ किलो येते, तराजूचा आकडा ग्राह्य ठरतो, आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी आकारणी होत असेल तर दोन किलोंवर काम भागते. दर पार्सलामागे एका किलोचा हा फरक कित्येकदा नफ्याच्या साऱ्या रकमेएवढा असतो, आणि तो लक्षात येतो हाती फूटपट्टी घेऊन खोका निवडणाऱ्याला, महिनाअखेरीस एकत्रित बिल पाहणाऱ्याला नव्हे.

खोका लहान केला की दुसरा प्रश्न उभा राहतो तो काचेचा. बाटली बहुधा मानेशी आणि बुडाशी फुटते, दोन बाटल्या एकमेकींस टेकल्या तर फुटण्याचा संभव वाढतो, आणि आगळाची एक बाटली फुटली की शेजारची आंबापोळी, आतले बिल आणि खोक्याचा पुठ्ठा सारेच तांबडेलाल होऊन जाते. म्हणून प्रत्येक बाटली निराळी गुंडाळणे, मध्ये पुठ्ठ्याची उभी पट्टी घालणे, उरलेली पोकळी गच्च भरणे आणि बंद खोका कानाशी हलवून आत काही हलत नाही याची खात्री करणे, हे सोपस्कार हाताच्या सरावानेच अंगवळणी पडतात. तीन थरांचा पुठ्ठा कुठे पुरतो आणि पाच थरांचा कुठे लागतो, आषाढातल्या दमट हवेत तोच पुठ्ठा कसा नरम पडतो, आडवी ठेवलेली बाटली बुचाशी कशी पाझरते, हे ज्ञान कोणत्याही दरपत्रकात छापलेले नसते. कोकणातल्या बागाइतदारांना ही विद्या परकी नाही. भाताच्या पेंढ्यात आंब्याचे थर लावून पेटी भरणे हे तिथे कौशल्याचेच काम मानले गेले आहे. तथापि जो बागाइतदार आपली पेटी वाशीच्या अडत्याकडे पाठवून स्वस्थ बसतो, त्याला ती शेवटी कोणी फोडली आणि तळाच्या थराची काय अवस्था निघाली हे सहसा कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी शहरांतल्या सोसायट्यांना थेट आंबा पोहोचवला, त्यांना मात्र ते तळाच्या थरासह कळले.

पुडके बांधून झाले की पत्ता येतो, आणि आपल्या देशात पत्ता हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे आणि वडगाव मावळही आहे. गिऱ्हाईक घाईने नुसते 'वडगाव, पुणे' असे लिहून मोकळे होते. नेमक्या याच घोटाळ्यावर उपाय म्हणून डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड अमलात आला. त्यातला पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कचेरी निश्चित करतात. पहिल्या काही महिन्यांत जो स्वतः पत्ते डकवतो, त्याला चुकलेला पिनकोड डोळ्यांनी ओळखता येऊ लागतो, आणि माल रवाना होण्यापूर्वी एक फोन करून तो दुरुस्त करून घेण्याची सवय लागते. कोणत्या पिनकोडावर खासगी कुरिअर पोहोचत नाही आणि तिथे दीड लाखांहून अधिक कचेऱ्या असलेल्या टपाल खात्याचाच आश्रय कसा करावा लागतो, हेही त्याच ओघात उमगते. आपले गिऱ्हाईक कुठे राहते याची इतकी विश्वसनीय खानेसुमारी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने फुकट मिळत नाही.

माल घरी आल्यावर पैसे देण्याची पद्धत अनेकांना या युगाचे नवे संकट वाटते, पण तिचा वंश पुरातन आहे. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केले, आणि पुढे कित्येक पिढ्या मराठी वाचकांनी पुस्तके, औषधे आणि मासिके व्ही. पी. ने मागवली. न मागवलेला माल लोकांच्या गळ्यात मारला जाऊ नये, म्हणून हे पुडके खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच पाठवले जात आहे असे निवेदन प्रेषकाकडून घेण्याची दक्षता खात्याने ठेवली होती. परंतु मागणी करूनही दारात आलेली व्ही. पी. न सोडवणाऱ्या महाभागांवर कोणत्याही खात्याचा इलाज चालला नाही, आणि आजही चालत नाही. परत आलेल्या पार्सलावर जाण्याचे भाडे पडतेच, बहुधा येण्याचेही पडते, आणि खोका पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. हे परतीचे पुडके जो स्वतः उघडतो, तोच पुढच्या वेळी पैसे आगाऊ भरणाऱ्यास थोडी सूट द्यावी, रवानगीपूर्वी फोनवर होकार घ्यावा, किंवा एखाद्या भागापुरती ही सवलतच बंद ठेवावी, असे शहाणपणाचे निर्णय घेऊ शकतो. दूरच्या गोदामात परत आलेले पुडके मात्र विवरणपत्रातली एक ओळ होऊन राहते.

पॅकिंगच्या याच टेबलावर कायद्याचीही गाठ पडते. वेष्टित मालाविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर वेष्टनावर असावा लागतो. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांकही लागतो. त्याचबरोबर पुराव्याची तजवीज करावी लागते. कुरिअर कंपनीने फेरवजन करून जादा रक्कम कापली, किंवा आत भलताच जिन्नस निघाल्याची तक्रार गिऱ्हाइकाने केली, तर ज्याच्यापाशी तराजूवरच्या खोक्याचे आणि भरलेल्या मालाचे छायाचित्र आहे त्याचीच बाजू टिकते. जुन्या कचेऱ्यांतून आवक-जावक बारनिशी ठेवण्याची जी शिस्त होती, तीच येथे उपयोगी पडते: तारीख, नाव, पिनकोड, वजन, भाडे, पोच आणि परत, एवढे रकाने रोज भरले, तर तीन महिन्यांत त्या वहीतून धंद्याची नाडी हाती लागते.

येथवरचे विवेचन वाचून कोणी असे अनुमान काढील की मग हे काम कायमच घरात ठेवावे. तर तसे माझे म्हणणे मुळीच नाही. एका पार्सलास पंधरा मिनिटे धरली, तर दिवसाची वीस पार्सले पाच तास खातात, आणि मग नवा माल करणे, जुन्या गिऱ्हाइकाशी बोलणे, कच्चा माल वेळेवर घेणे यांतले काही ना काही मागे पडतेच. याहून गंभीर बाब अशी की हे पाच तास पुष्कळ घरांत मालकाचे नसतातच. ते त्याच्या पत्नीचे, आईचे, कॉलेजातल्या मुलीचे असतात, आणि रोजमेळात त्यांच्यापुढे रक्कम मांडलेली नसते. ज्या धंद्याचा नफा घरच्या बायकांच्या बिनपगारी श्रमांतून निघतो, त्याला नफा म्हणणे हीच मुळी हिशेबातली लबाडी आहे. तेव्हा पुडके कोणीही बांधो, दर पुडक्यामागे मजुरीचा वाजवी आकडा पहिल्या दिवसापासून खर्ची टाकला पाहिजे. तसे केल्यावर मालाची किंमत परवडत नसेल, तर ती किंमत चुकलेली आहे असे समजावे. श्रम फुकट धरून ती बरोबर ठरवता येत नाही.

मग मुदत किती? माझ्या मते एक पावसाळा आणि एक दिवाळी. पावसाळ्यात पुठ्ठा, टेप आणि बूच यांची परीक्षा होते. दिवाळीत घाईची, गर्दीची आणि उशिराची होते. या दोन्ही कसोट्यांतून गेल्यावर मालकाने कोणत्या मालास कोणता खोका, किती थरांचा पुठ्ठा, कोणती भरण, टेप किती पदरी, किती वजन आणि किती भाडे, याचा तपशीलवार कागद तयार करावा, आणि त्या कागदाबरहुकूम दुसऱ्या माणसाकडून पार्सले बांधून घ्यावीत. हा दुसरा माणूस गावातलीच गरजू बाई असेल तर उत्तम. तिला ठरलेली मजुरी मिळेल आणि माल नजरेसमोर राहील. काम त्याहूनही वाढले तर गोदामवाल्याकडे खुशाल जावे, कारण आता त्याच्या करारातले कलम आणि बिलातली रक्कम मालकाला वाचता येते, कोणती मागणी वाजवी आणि कोणती अवाजवी हे त्याला ठाऊक असते, आणि बाटल्या फुटू लागल्या तर दोष काचेचा, पुठ्ठ्याचा की हाताळणीचा हे तो ठामपणे विचारू शकतो. हा अनुभव पदरी नसताना गोदामात पाऊल टाकणाऱ्याला समोरचा जो दर सांगेल तोच खरा मानावा लागतो, आणि छोट्या व्यापाऱ्याला ही चैन परवडण्याजोगी नाही.