पायरीपाशी अडलेला नागरिक

गोमंतकात जोते उंच बांधण्याची रीत पावसाने घालून दिली. चिऱ्यांच्या चार पायऱ्या चढल्याखेरीज पंचायतघर गाठता येत नाही. धडधाकट माणसाला त्या जाणवतही नाहीत. चाकांच्या खुर्चीवरील माणसाचे नागरिकत्व मात्र पहिल्या पायरीपाशीच अडते. ‘आम्ही उचलून नेऊ’ असे म्हणणारे चार हात पुढे येतात, हे खरे. पण हक्काच्या जागी दुसऱ्याच्या दयेवर जावे लागणे, हा सन्मान नव्हे.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याबाबत संदिग्ध नाही. सुगमतेच्या निकषांत न बसणाऱ्या आराखड्यास परवाना देऊ नये, जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे तो बजावतो. नियम २०१७ मध्ये निघाले. मुदत २०२२ मध्ये सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, हे निकष निव्वळ शिफारशींच्या पातळीवर ठेवणारा नियमच अवैध ठरविला.

पणजीत २०२३ साली दिव्यांगांचा पर्पल महोत्सव थाटात भरला. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु उत्सवाचा मांडव उतरतो, पायऱ्या तशाच राहतात. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन-चार फुटांत उरकलेला उभा चढ ही निव्वळ धूळफेक होय. सरकारने भोगवटा दाखला देण्यापूर्वी खुर्चीवरील माणसालाच त्या उतारावरून जाऊन पाहू द्यावे. त्याहून चोख तपासणी दुसरी नाही. शिवाय वार्धक्य कोणाला चुकले आहे?