ग्रह कोणास म्हणावे?

सूर्यमालेतील ग्रहांची संख्या नवावरून आठावर आणणारा ठराव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे संमत केला. त्यास बराच काळ लोटला, तरी ‘प्लूटोवर अन्याय झाला’ ही तक्रार विझलेली नाही. हजारो सदस्यांच्या संघातील अवघ्या ४२४ जणांनी मतदानात भाग घेतला, आणि निसर्गातील सत्य कार्डे उंचावून ठरत नसते, असा या तक्रारीचा सूर असतो.

हे दुसरे विधान निर्विवाद आहे; परंतु येथे ते गैरलागू आहे. मतदान प्लूटोच्या स्वरूपावर झाले नाही, ‘ग्रह’ या शब्दाच्या व्याप्तीवर झाले. आणि शब्दांची व्याप्ती माणसेच ठरवीत आली आहेत. भारतीय परंपरेच्या नवग्रहांत सूर्य-चंद्र तर आहेतच, शिवाय राहू-केतू आहेत, जे मुळी गोल नसून चंद्राची कक्षा व सूर्याचा भासमान मार्ग यांचे छेदनबिंदू होत. पृथ्वीला मात्र त्यांत स्थान नाही!

युरोपातही हा शब्द स्थिर नव्हता. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझी यांना मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सीरीस आढळला आणि त्यास ग्रहपद मिळाले. १८०७ पर्यंत पॅलस, जुनो व वेस्टा यांची भर पडली. १८४५ पासून त्याच पट्ट्यात नव्या वस्तूंची रीघ लागली, तेव्हा शतकाच्या मध्यास ही सारी मंडळी ‘लघुग्रह’ म्हणून वेगळी काढण्यात आली. सीरीसच्या पदच्युतीचे दुःख आज कोणी करीत नाही.

प्लूटोची कथाही तीच. १९३० साली टॉमबॉ यांनी तो शोधला, तेव्हा त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या तोडीचे असावे असा कयास होता. १९७८ मध्ये त्याचा शॅरन हा उपग्रह सापडला, वस्तुमान नीट मोजता आले, आणि ते पृथ्वीच्या जेमतेम पाचशेव्या हिश्शाइतके भरले. १९९२ पासून त्याच्या परिसरात त्याचे भाईबंद सापडू लागले; २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तर वस्तुमानाने त्याच्याहून सुमारे २७ टक्के अधिक. दोघांनाही ग्रह म्हणावे किंवा दोघांनाही म्हणू नये, एवढेच दोन पर्याय तर्काला धरून होते.

ठरावाने तीन अटी घातल्या : ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने तो जवळजवळ गोल झालेला असावा, आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. सर्वाधिक टीका तिसऱ्या अटीवर झाली. वस्तुतः तीच सर्वांत भक्कम आहे.

वर्गीकरणाची रेषा गर्दीतून जाते की रिकाम्या जागेतून, हे नेहमी पाहावे. दारिद्र्यरेषेच्या दोन्ही अंगांना असंख्य माणसे खेटून उभी असतात. रेषा किंचित सरकविली की गरिबांची संख्या बदलते. ग्रहांचे तसे नाही. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये प्रत्येक गोलाचे वस्तुमान व त्याच्या कक्षेच्या परिसरातील इतर वस्तूंचे एकूण वस्तुमान यांचे गुणोत्तर मांडले. पृथ्वीचे ते सुमारे १७ लाख येते. आठांत सर्वांत कमी असलेल्या मंगळाचेही ५,१०० आहे. सीरीसचे मात्र एक-तृतीयांश, आणि प्लूटोचे एक-दशांशाहूनही कमी. मधल्या प्रचंड पोकळीत कोणीही उभे नाही. उलट, ज्या गोलपणाविषयी फारसा वाद होत नाही, त्याच्या उंबरठ्यावरच खरी दाटी आहे. वेस्टा गोल म्हणावा की न म्हणावा? नेपच्यूनपलीकडील कित्येक वस्तूंविषयी हाच प्रश्न पडतो. संघाने आजवर केवळ पाचांनाच बटुग्रह म्हणून मान्यता दिली, यात नवल नाही.

दोष आहे तो ठरावाच्या शब्दांचा. ‘मोकळा’ म्हणजे किती, याचा आकडा त्यात नाही. त्यामुळे गुरूच्या कक्षेतही हजारो लघुग्रह आहेतच की, असा प्लूटो-मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांच्यासारख्यांचा आक्षेप अंगावर येतो. ‘सूर्याभोवती’ हा शब्द तर अधिकच आखूड. १९९५ मध्ये मेयर व केलोझ यांनी सूर्यासारख्या परक्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. २०२५ पर्यंत अशांची संख्या सहा हजारांवर गेली. ठरावाच्या अक्षरार्थाने त्यांपैकी एकही ग्रह नव्हे. ग्रहाचे वस्तुमान, ताऱ्याचे वस्तुमान व कक्षेचा आवाका यांवरून हा निकष मोजता येतो, हे झां-लुक मार्गो यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये केप टाउनच्या महासभेत त्यांनी व सहकाऱ्यांनी संख्यात्मक व्याख्येचा प्रस्तावही मांडला. दुरुस्ती करावयाची ती येथे. प्लूटोच्या पुनर्वसनाशी तिचा काही संबंध नाही.