अमुकशर्म्याची पूजा

आमच्या जुन्या जालन्यात गणेशचतुर्थीच्या सकाळी गुरुजी मिळणं आणि रेल्वेच्या डब्यात खिडकी मिळणं, या दोन्ही गोष्टी पूर्वपुण्याईच्या आहेत. माझी पुण्याई बेताची. म्हणून एका वर्षी पोथी पुढ्यात घेऊन मी स्वतःच पूजा सांगितली आणि स्वतःच केली. आवाज खणखणीत लावला होता. संकल्पात ‘अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा’ असं छापलेलं होतं, तेही खणखणीत म्हटलं. ‘येथे उदक सोडावे’ हेसुद्धा त्याच सुरात म्हणून टाकलं. उदक सोडायचं मात्र राहिलं. मोदकांपाशी बसलेल्या वहिनींनी तोंडात पदर कोंबला. त्या पूजेचं पुण्य ज्याच्या खात्यावर जमा झालं, त्या अमुकशर्म्याच्या शोधात मी अजून आहे.

पुढे तीच पाळी वहिनींवर आली, आणि तेव्हा हसू आलं नाही. दादा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना नोकरी लागली आणि मुदतीत संगणकाची परीक्षा पास होणं आलं. चाळिशीतली बाई कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यातल्या क्लासला जाऊ लागली. हिशेबात इतकी पक्की, की किराणावाल्याची बेरीज उभ्या उभ्या तपासून चार आणे परत आणणारी! पण आठ दिवसांत रडकुंडीला येऊन म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मला नाही हो जमायचं. माझं डोकंच नाही तेवढं.’’

मी क्लासचं पुस्तक मागून घेतलं. बेरजेचं सूत्र दुहेरी अवतरणचिन्हांत छापलं होतं आणि वाक्याचा पूर्णविरामही त्या चिन्हांच्या आतच घुसला होता. वहिनींनी इमानेइतबारे चिन्हं, पूर्णविराम, सगळं टाइप केलं. संगणकाने बेरीज दिलीच नाही. तोच मजकूर जसाच्या तसा परत दाखवला. गुरुजींनी ‘म्हणा मम’ म्हणावं आणि यजमानानेही ‘म्हणा मम’ म्हणावं, त्यातला प्रकार! पुढच्या पानावर तेच सूत्र चिन्हांशिवाय. त्याच्या पुढे ठळक अक्षरांत. आणि आणखी पुढे ठळक अक्षरांत काय, तर ‘लक्षात ठेवा’! ‘फाईलचे नाव टाइप करा’ हे वाक्यही त्याच ठळक टाइपात; तेव्हा वहिनींनी फाईलचं नाव ‘फाईलचे नाव’ असंच ठेवलं. अमुकशर्म्याला आमच्याच घरात भावंड मिळालं.

क्लासच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘काका, एवढं काय त्यात? ज्याला येतं त्याला कळतंच.’’

अहो, ज्याला येतं तो पुस्तक कशाला उघडेल? पुस्तक असतं ते न येणाऱ्यासाठी. माणूस चूक पोटात घालतो; संगणकाला पोटच नाही. त्याच्याशी बोलताना ठिपकासुद्धा शब्दच ठरतो. तेव्हा कोणती अक्षरं जशीच्या तशी ठोकायची, कोणत्या जागी आपलं घालायचं आणि कोणतं नुसतं वाचून करायचं, हे लिहिणाऱ्याने पहिल्या पानावर ठरवावं आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावं. यात खर्च कसला? अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९७१ साली ‘युनिक्स’ प्रणालीचं पहिलं माहितीपुस्तक निघालं. त्याच्या प्रस्तावनेतच खुलासा होता, की अधोरेखित शब्द जसेच्या तसे टाइप करायचे. नुसती एक रेघ! पुढे अशा मजकुरासाठी टाइपरायटरसारखी समान रुंदीची अक्षरं वापरायची रीत पडली. आपल्याकडेही हाताने पोथ्या लिहिणारे ‘उवाच’ला तांबडी शाई लावतच होते की!

कोणी म्हणतात, इतके टाइप वापरले तर पानाची गोधडी होते. होऊ द्या. गोधडी ऊब तरी देते. कोणतं चिन्ह निवडता याबद्दल माझं भांडण नाही. ते दर पानाला बदलता याबद्दल आहे. कारण चूक पुस्तकाची असते आणि ‘माझं डोकंच नाही’ असं वाचणारा म्हणतो. ते वाक्य मनात ठेवून किती जण पूल ओलांडून घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत, कोण जाणे.

आम्ही दोघांनी मग दोन पेन्सिली घेतल्या. जसंच्या तसं ठोकायचं त्याखाली तांबडी रेघ, आपलं घालायचं त्याखाली निळी, बाकीचं कोरं. दोन रात्री लागल्या. वहिनी पहिल्या खेपेला पास झाल्या. ते पुस्तक आता गल्लीत फिरतंय. परत मागायची सोय राहिलेली नाही.

पुढच्या गणेशचतुर्थीला, गुरुजी न मिळाल्यामुळे अर्थातच, मी पोथी उघडली. मंत्रांखाली तांबड्या रेघा होत्या. ‘येथे उदक सोडावे’ कोरं होतं. आणि ‘अमुकशर्मा’खाली निळी रेघ होती, चांगली दोनदा ओढलेली.